बुडालेलं बदक

रविवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला. मे महिना, रात्रभर पंख्याची गरम हवा खाऊन पहाटे कुठे डोळा लागला होता. पलीकडे एक म्हातारी बाई, आवाजात घाई. "डॉक्टरभाऊ, मनं बदक पानीमा बुडी गयं."

मी उठूनच बसलो. गाय विहिरीत पडली, म्हैस गाळात रुतली, शेळी हौदात गेली, असले फोन नेहमीचे. बदक बुडाल्याचा पहिलाच. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल चोचीनं पिसांना चोळून चोळून त्याचं अंग पाणी धरत नाही. त्यात अंगात हवेच्या पिशव्या. धडधाकट बदक बुडवायचं म्हटलं तरी बुडत नाही. ते बुडतं, ते मान वर धरता येईनाशी झाली म्हणजे.

म्हणून पहिला प्रश्न तोच विचारला. "आजी, बाकीच्यांच्या माना कशा आहेत?"

"दोन जनीस्नी मान टाकी दिनी."

"वाकडी झालीय की ढिली पडलीय?"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. बहुतेक उचलून बघितलं असावं. मग म्हणाली, "ढिली. फडकासारखी."

हा एक शब्द पुढच्या सगळ्या प्रकरणाचा धागा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. कोंबडी-बदक पाळणारे 'मान गेली' एवढंच सांगतात आणि दुकानदार त्यावर पुडी देतो. पण मान जाते ती दोन तऱ्हांनी. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगात मान पिळवटते, पक्षी डोकं उलटं करून आभाळाकडे बघतो किंवा गोल गोल फिरतो, धरलं तर मानेत ताठपणा लागतो. जीवनसत्त्व ब१ कमी पडलं तरी डोकं असंच मागे जातं. बर्ड फ्लूतही कंप, झटके, वाकडी मान दिसू शकते. तिथे बिघाड मेंदूकडे किंवा नसांत असतो, स्नायूंना चुकीचे हुकूम जात असतात. ढिल्या मानेत हुकूमच पोचत नाही.

फोनवर तिला सांगितलं ते असं: सगळी बदकं पाण्यापासून लांब, सावलीत. पडलेल्यांचं डोकं जमिनीला टेकू द्यायचं नाही, काहीतरी उशाला द्यायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मेलेल्याला उघडा हात लावायचा नाही, नाल्यातही फेकायचं नाही. पोरांना लांब ठेवायचं.

"नातूनी एकले ताक पाजं ना चमचाघाई," ती म्हणाली. ते ऐकून मी काही बोललो नाही. बोलून उपयोग नव्हता.

गाव गिरणेच्या काठचं, भडगाव-पाचोरा पट्ट्यातलं. केळीच्या बागेला लागून मळ्यातलं घर. पाच बदकं, नऊ कोंबड्या. अंडी विकायला नाही, बदकं बारा वर्षांच्या नातीची. बाजारातून पिल्लं असताना आणलेली, एकेकीला नाव ठेवलेलं. मी साडेआठला पोचलो तेव्हा ऊन चटके द्यायला लागलं होतं आणि ओट्यावर शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले होते. एक काका मला गाडीतून उतरू द्यायच्या आतच म्हणाले, "डॉक्टर, सगळी मारून पुरून टाका. नवापूर विसरले का?"

खान्देशात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तेच. या भागातल्या माणसाला पडलेला पक्षी दिसला की आधी नवापूर आठवतं, आणि त्यात त्याची चूक नाही. बदकाच्या बाबतीत तर डॉक्टरलाही गाफील राहता येत नाही, कारण बदक हा विषाणू अंगात घेऊन वर वर ठणठणीत फिरू शकतं. म्हणून ओट्यावर चढण्याआधी मास्क लावला, हातमोजे घातले आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. बरेच जण हा फोन दुपारपर्यंत लांबवतात, 'आधी बघू तरी' म्हणून. जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्यात अशा रोगाचा संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे. संशय खोटा निघाला तर कुणी फासावर चढवत नाही. पशुधन विकास अधिकारी दुपारी एकपर्यंत येतो म्हणाले, मेलेलं बदक फाडू नका एवढं बजावलं. बर्ड फ्लूचा संशय असताना अंगणात शवविच्छेदन करायचं नसतं, ते मलाही ठाऊक होतं. पण त्यांनी सांगितलं ते बरंच झालं, काकांना ऐकवायला दुसऱ्याचा शब्द मिळाला.

आता बदकं.

एक मेलेलं, नातवानं सकाळी पाण्यातून काढून आणलेलं, चोचीतून पाणी गळत होतं. चंपी आणि ढमी दोघी आडव्या. तिसरी, पांढरी, उभी होती पण चालताना मागचा भाग फेंगडा टाकत होती, चार पावलं टाकून बसायची. चौथ्या खेपेला मी मोजलं तर पाचवं बदक दिसेना. "ती कोठीत शे, अंडास्वर बठेल," आजी म्हणाली. जाऊन बघितलं. ती अंड्यांवर फुगून बसलेली, मी हात पुढे केला तर कडाडून चावली. इतकी निरोगी चोच मला त्या दिवशी दुसरी दिसली नाही.

ढमीला मांडीवर घेतलं. पाय दाबला तर ओढून घेत नव्हती. पंख वर धरून सोडला की दगडासारखा खाली. मान तर दोन बोटांवर लोंबत होती, ओल्या दोरीसारखी. पण डोळ्यात शुद्ध होती. माझ्या हाताकडे बघत होती, पळायचं होतं आणि पळता येत नव्हतं. डोळ्यावरून सरकणारी पातळ तिसरी पापणी अर्ध्यावरच अडकलेली. गुदद्वारातलं तापमान ४१.५ अंश, म्हणजे पक्ष्याला नेहमीचंच. त्या उन्हात तेवढं असणं म्हणजे ताप नाहीच. नाकातोंडाला चिकटा नाही, डोकं सुजलेलं नाही, पायांवर रक्ताळलेले डाग नाहीत. श्वास उथळ, पण आवाज नाही.

चंपीचंही तसंच, फक्त तिच्या श्वासात बारीक घुरघुर होती. ताक.

ढिल्या मानेची कारणं फार नाहीत. पहिला संशय फवारणीचा. शेजारच्या उन्हाळी भुईमुगावर गुरुवारी औषध मारलं होतं, हे विचारल्यावर कळलं. आपल्याकडची बरीच कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. त्यांनी आणि या प्रकरणातल्या खऱ्या गुन्हेगारानं एकाच जागी हात घातलेला असतो: नस जिथे स्नायूला टेकते तिथे. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, तेव्हा स्नायू आखडतो. फवारणीच्या विषात ते रसायन मोडतच नाही, साचत जातं. म्हणून लाळ गळते, जुलाब होतात, अंग थरथरतं, हृदय मंदावतं, शेवटी स्नायू थकून पडतात. दुसऱ्या विषात ते रसायन सुटतच नाही. लाळ नाही, थरथर नाही, सरळ लोळागोळा. इथे चोच कोरडी होती आणि हृदय मोजता येऊ नये इतक्या वेगानं चालत होतं. पिशवीत फवारणीच्या विषावरच्या ॲट्रोपीनची कुपी होती, काढली आणि परत ठेवली. डोळ्याची बाहुली बघून ठरवा असं कुत्र्या-मांजरांत शिकवतात. पक्ष्यात ते चालत नाही. त्यांच्या बुबुळाचा स्नायू हातापायाच्या स्नायूसारखा, त्यांच्या मर्जीनं हलणारा, ॲट्रोपीनलाही दाद न देणारा.

बुरशी धरलेल्या मक्याचं विषही डोक्यात होतं. अफ्लाटॉक्सिनला बदकाइतका हळवा पाळीव पक्षी दुसरा नाही. पण मग कोठीतली पाचवीही पडायला हवी होती, तीही तोच मका खात होती. कोंबड्याही.

उरला प्रश्न एकच. तीन बदकं आणि मेलेली चौथी कुठे गेली होती, जिथे अंड्यांवरची गेली नाही?

"खड्ड्यात," नात म्हणाली. "रोज सकाळी जातात."

गिरणेला उन्हाळ्यात धरणातून आवर्तन सुटतं तेवढंच पाणी. एरवी पात्रात वाळू, आणि वाळू उपसून झालेले खड्डे. घरापासून दोनशे पावलांवर असाच एक खड्डा, आवर्तनाचं पाणी साचलेला, आटत आटत गुडघाभर राहिलेला. कडेला हिरवट साय, बोटाएवढे मासे उलटे तरंगत होते. वास आधी आला. पलीकडच्या काठाला खताचं एक प्लास्टिकचं पोतं अर्धं पाण्यात, तोंड सुटलेलं. काठीनं ओढलं. आत मेलेल्या ब्रॉयलर कोंबड्या, सहा-सात तरी. उन्हाच्या तडाख्यात शेडमध्ये मेलेल्या असाव्यात, कुणीतरी रात्री आणून टाकल्या. कुणाच्या ते गावात सगळ्यांना माहीत असणार आणि कुणी सांगणार नाही. पोत्याच्या तोंडाशी चिखल हलत होता. चिखल नव्हता तो, अळ्या होत्या. आणि त्या चिखलात बदकांच्या पडद्याच्या पायांचे ठसे, ताजे.

बोट्युलिझम असाच येतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू गाळात वर्षानुवर्षं पडून असतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. त्यांना प्रथिन लागतं, ऊब लागते आणि हवा नको असते. मेलेल्या प्राण्याच्या पोटात हे तिन्ही मिळतं. तिथे ते वाढतात आणि विष सोडतात, पक्ष्यांत बहुतेक वेळा सी प्रकारचं. माशीच्या अळीला त्या विषाचं काही होत नाही, ती ते अंगात साठवते. बदकाच्या लेखी अळी म्हणजे मेजवानी. बदक मेलं की त्याच्यावर अळ्या, त्या खाऊन आणखी बदकं. उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यावर एकाच आठवड्यात सगळा कळप जातो तो या चक्रानं. पाय आधी जातात, मग पंख, मग मान. पाण्यात असताना मान गेली की पक्षी बुडून मरतो. विष श्वासाच्या स्नायूपर्यंत पोचायची वाटही बघावी लागत नाही.

इथे एक कबुली. हे निदान प्रयोगशाळेनं केलेलं नाही. विषाची खात्रीची चाचणी उंदरांवर करतात, ती आमच्या आवाक्यातली नव्हती. लक्षणं, खड्डा आणि वाचलेलं पाचवं बदक, एवढ्या आधारावर मी उपचार ठरवला. आणि त्या पोत्यानं एक गुंता वाढवलाही होता: त्या कोंबड्या खरंच उन्हानंच मेल्या होत्या का? म्हणून दुपारी अधिकारी आले तेव्हा बदकांच्या बरोबरीनं पोत्यातल्यांचेही नमुने घेतले, घशातले आणि गुदद्वारातले, बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला रवाना. अहवाल येईपर्यंत मळ्यातला पक्षी, अंडं, खत काही बाहेर जाणार नाही असं ठरलं. काका गप्प बसले, पण लांबच उभे राहिले. बर्ड फ्लू निश्चित झाला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारतात, आणि काकांच्या दारात चाळीस कोंबड्या होत्या. त्यांच्या जागी मीही लांबच उभा राहिलो असतो.

उपचाराचा पहिला भाग औषधाच्या पिशवीत नव्हता. डोकं वर कसं ठेवायचं? टॉवेलची गुंडाळी केली तर मान घसरून बाजूला पडायची. आजीनं बघितलं, आत गेली आणि डोक्यावर हंडा ठेवायची चुंबळ घेऊन आली. जुन्या लुगड्याची, घट्ट वळलेली. ढमीला तिच्यात बसवलं, छाती कडेला टेकली, मान पुढच्या कडेवरून अलगद रेलली, चोच खालच्या बाजूला मोकळी. लाळ साचली तरी बाहेर पडेल, आत जाणार नाही. दवाखान्यात मी यापेक्षा चांगलं काही बनवू शकलो नसतो. चंपीसाठी दुसरी चुंबळ नातीनं बसून वळली.

मग पाणी. गिळायचे स्नायूच गेले असतील तर तोंडात घातलेला थेंब थेंब श्वासनलिकेत जातो. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशी उघडंच असतं, झाकायला पडदा नाही. म्हणून पाणी कातडीखालून द्यायचं. ढमीला कापडी पिशवीत घालून भाजीच्या काट्याला लटकवलं: १ किलो ६०० ग्रॅम. किलोमागे दिवसाला ५० मिली रोजच्या गरजेचं, म्हणजे ८०. दहा टक्के पाणी अंगातून गेलं असं धरलं तर तूट १६०, त्यातली निम्मी पहिल्या दिवशी, आणखी ८०. एकूण १६० मिली रिंगर लॅक्टेट, तीन खेपांत, दर खेपेला दोन्ही मांड्यांच्या घडीत निम्मं निम्मं. सलाईन कोमट करून द्या असं पुस्तकात असतं. गाडीत तासभर राहिलेली बाटली हाताला भाजत होती, ती माठाशेजारी ठेवून आधी निववावी लागली. खान्देशातल्या मे महिन्याचं पुस्तक कुणी वेगळं लिहायला हवं.

पोटात उरलेलं विष धरून ठेवायला औषधी (ॲक्टिव्हेटेड) कोळशाची पूड, किलोला एक ग्रॅम, पाण्यात कालवून नळीनं. नळी म्हणजे मेडिकलमध्ये तान्ह्या बाळांसाठी मिळते ती आठ नंबरची मऊ फीडिंग ट्यूब. मान सरळ वर ताणून, चोचीच्या डाव्या कडेनं आत घालून उजवीकडे न्यायची, कारण पक्ष्याची अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूनं उतरते. नळी उतरताना कातडीखाली बोटाला लागते. श्वासनलिकेचे कडक कडे एकीकडे आणि नळी दुसरीकडे, असं दोन वेगळं हाताला लागलं तरच पिचकारी दाबायची. बदकाला कोंबडीसारखी खरी गळ्यातली पोटली नसते, अन्ननलिकाच जरा फुगीर असते, म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिलीच्या वर नाही. हे आजीच्या मुलाला तीनदा करायला लावलं, माझ्यासमोर.

काय दिलं नाही तेही सांगायला हवं. गावातल्या दुकानातून कुणीतरी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची कुपी आणून ठेवली होती. पक्षी आजारी की जेंटा, ही आमच्याकडची रीतच. त्या गटातली औषधं नस-स्नायूच्या सांध्यावर आणखी भार टाकतात, इथे त्या कुपीनं बदकाचा श्वास थांबला असता. जुलाबाचं मीठ म्हणजे एप्सम सॉल्टही लोक सुचवतात, पोट साफ व्हायला. त्यातलं मॅग्नेशियम तोच सांधा ढिला करतं, मी ते टाळलं. विषावरचं प्रतिविष असतं, पण आमच्या तालुक्यात बदकासाठी ते कुठून आणणार. एका शेजाऱ्यानं कांद्याचा रस आणला होता, तो त्यालाच प्यायला सांगितला.

आणि खड्डा. बाकी सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. पोतं, मासे, अळ्यांचा थर फावड्यानं काढून, मेलेल्या बदकासकट, नदीपासून लांब कमरेच्या वर खोल खड्ड्यात चुना घालून पुरलं. वाळूच्या खड्ड्याभोवती केळीच्या पानांचा आणि काट्यांचा आडोसा केला. एक कोंबडी तेवढ्यातही तिथे पोचलीच. तिला संध्याकाळी चालता येईना, मांडीची पिसं नुसती चिमटीत येऊ लागली. हे कोंबडीत दिसतं, बदकात नाही. ती तीन दिवसांत आपोआप सुधारली, कमी खाल्लं असावं.

चंपी सोमवारी पहाटे गेली. घुरघुर वाढत गेली, फुप्फुसात ताक गेलं होतं. नातू दिवसभर जेवला नाही. मी त्याला म्हटलं, तू नसतं पाजलं तरी ती गेलीच नसती असं सांगता येत नाही. हे खरंही होतं आणि अर्धंही.

पांढरी दोन दिवसांत सरळ चालायला लागली. ढमीनं मंगळवारी दुपारी डोकं चुंबळीवरून दोन बोटं उचललं आणि परत टाकलं. नातीनं मला तेवढ्यासाठी फोन केला. बुधवारी नळी घालताना तिनं गिळलं, तेव्हापासून ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज सुरू केली. शनिवारी उभी राहिली, पडली, उभी राहिली. या विषाचं असंच असतं. पकडलेली टोकं लवकर सुटत नाहीत, मधल्या काळात नसेला नवी टोकं फुटावी लागतात. तोवर श्वास, पाणी आणि पोट आपण सांभाळायचं, बाकी वाट बघायची.

नवव्या दिवशी अहवाल आला. बर्ड फ्लू नाही, राणीखेत नाही, बदकांतही नाही आणि पोत्यातल्या कोंबड्यांतही नाही. काकांनी त्या संध्याकाळी आजीकडे चार अंडी मागितली, अंड्यांवरच्या बदकाची. आजीनं दिली नाहीत. "आते पिल्ला निघतीन," एवढंच म्हणाली.

ढमी आता चालते, पोहते, घमेल्यात. खड्ड्याकडे कुणाला जाऊ देत नाहीत, जूनच्या पहिल्या पुरात तो बुजलाही. तिच्या डाव्या डोळ्यावर मात्र पांढरा ठिपका राहिला आहे. पापणी अर्ध्यावर अडकलेली मी पहिल्याच तासात बघितली होती, आणि डोळ्याचं मलम सोमवारी सुरू केलं. चुलीच्या धुरात, उडणाऱ्या वाळूत एक दिवस तो डोळा उघडा राहिला. ते मलम पिशवीत होतं.